मास्तरांची सुई आणि माझा जेट

“सोमवारी मास्तरांची गाडी जातेय हो. आणि तिच्या पाठोपाठ म्हणे मास्तर आणि काकूसुद्धा…”

शेजारीण कुंपणापाशी कुणाला तरी एवढं सांगत होती, तोच तिच्या घरात फोन वाजला. ती पळाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला. चोरून ऐकू नये, हे मलाही कळतं. पण बॉनेट उघडं, कुंपण हातभर लांब आणि शेजारणीचा आवाज असा खणखणीत! कान मिटायचे तरी कसे?

मी त्याच गाडीतला कार्बोरेटर. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण करून इंजिनाला द्यायचं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आचके देतं, जास्त झालं की काळा धूर ओकतं. हल्लीच्या गाड्यांत हे काम पेट्रोल फवारणारं इंजेक्शन करतं, त्याला म्हणे स्वतःचा संगणक असतो. असू दे बापडा. माझ्याकडे पितळेचे जेट आहेत. जेट म्हणजे आरपार बारीक भोक असलेला स्क्रू; त्या भोकातून मावेल तेवढंच पेट्रोल पुढे जातं. माझी सगळी अक्कल त्या भोकांत.

वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवलं. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला उजेडासमोर धरून फुंकर मारली, तीच माझी पहिली हवा. माझे पहिले मालक फिरते विक्रेते होते. किल्ली फिरवण्याआधी दहा वेळा पेट्रोलचं पेडल दाबायचे. माझ्या नाकातोंडात पेट्रोल! मग गाडी सुरू झाली नाही की शिव्या मलाच. माणसाची ही एक गंमतच आहे. घाई स्वतःची आणि दोष दुसऱ्याचा.

मग गाडी मास्तरांनी घेतली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकाम करणारे. सीटची कव्हरं त्यांनी स्वतः शिवली आणि उरलेल्या तुकड्यातून मला पुसायचं फडकंही. काकू त्यांच्याच दुकानात काजं करायच्या, बटणं लावायच्या. पुढे मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा काकू छप्पन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. मास्तर शेजारी बसून गिअर सांगायचे, काकू ऐकायच्या नाहीत, आणि गाडी छान चालायची.

त्यांचं घर गावाबाहेर, चढावर. तिथली बस तीन वर्षांपूर्वी बंद झाली. बाजार, दवाखाना, नातेवाईक, सगळं माझ्या जिवावर. म्हणून वर्षभरापूर्वी मी धूर ओकायला लागलो तेव्हा घराचंच धाबं दणाणलं. धुराच्या तपासणीत गाडी दोनदा नापास झाली. तिसरी आणि शेवटची तपासणी सोमवारी होती.

त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, मुलगा शहरातून आला. बॉनेटशी उभा राहून म्हणाला, “आई, किती हट्ट करशील? सोमवारी नापास झाली की गाडी विकू. तुम्ही दोघं माझ्याकडे या. वरची खोली रिकामीच आहे.”

“खोली रिकामी आहे म्हणून आम्ही भरायला यायचं? आम्ही काय सामान आहोत?”

“तसं नाही गं. पण गाडीशिवाय इथे राहणार कसे?”

“आणि पास झाली तर?”

“तर पुन्हा विषय काढणार नाही.”

“बोललास हं! बापासमोर बोललास.”

हेच बोलणं शेजारणीनं कुंपणापलीकडून अर्धंमुर्धं ऐकलं असणार.

दुसऱ्याच दिवशी काकू म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आल्या. माझ्यासारखे शेकडो त्यांच्या हाताखालून गेलेले. पण आता हात थरथरत होते. खुर्चीत बसत ते म्हणाले, “हात गेले काकू, तोंड शाबूत आहे. मी सांगतो, तुम्ही करा.”

काकूंनी मला काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. प्रत्येक स्क्रू निघेल त्या क्रमानं कागदावर मांडला आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीनं त्याची जागा लिहिली. आधी पेट्रोलची पातळी राखणारा माझा पोकळ पितळी तरंगता गोळा गरम पाण्यात बुडवला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गळत नव्हता. मग निघाला सगळ्यात छोटा जेट. गाडी उभी पण इंजिन चालू असताना पेट्रोल मोजून देतो तो. काकूंनी भिंग धरलं.

“मिस्त्री, हे भोक गोल नाही हो. अंड्यासारखं दिसतंय.”

मिस्त्रींनी मान वर केली. “यात सुई कोणी घातली?”

शिंप्याच्या घरात हा प्रश्न! मास्तर वर्तमानपत्राची घडी घालू लागले. घातलेलीच घडी पुन्हा.

“अहो, तुम्हाला विचारतायत,” काकू म्हणाल्या.

“कचरा अडकला होता गेल्या वर्षी. मी जरा… दोन फेरे दिले. आठ नंबरची साधी सुई होती.”

“आणि वर्षभर त्या पेट्रोलपंपवाल्याला भेसळखोर म्हणत होतात!”

“चाळीस वर्षं सुईनं सगळं नीट केलं. मला काय ठाऊक, एक गोष्ट सुईनं बिघडतेही म्हणून? त्यात दिसत कुठे होतं धड!”

“मास्तर, पितळ मऊ असतं,” मिस्त्री म्हणाले. “केसभर भोक वाढलं की पेट्रोल बदाबदा जातं. जेटला हवा मारायची, सुई नाही.”

मला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मी सांगणार कसा? मला बोलायला धूर तेवढा दिलाय. वर्षभर त्यानंच ओरडत होतो.

काकू मास्तरांकडे वळल्या. “दिसत नव्हतं ना? मग इतकी वर्षं टाळलेलं डोळ्यांचं ऑपरेशन आता करायचं. मी गाडी पास करून आणते, तुम्ही डोळे पास करून आणा.” “बरं,” मास्तर म्हणाले. कबुलीच अशी होती की नाही म्हणायची सोय नव्हती.

तसला जेट बाजारात मिळेना. मिस्त्रींनी जुन्या जेटचा डबा आणला. काकूंनी एकेक जेट भिंगाखाली धरून नंबर वाचले. दोन दिवस गेले. एक सापडला, पंचेचाळीस नंबरचा, हवा होता तोच. पण आत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक घट्ट बसलेला. मास्तरांचा हात सवयीनं सुयांच्या डबीकडे गेला.

“हात मागे,” काकू म्हणाल्या.

जेट डिंक विरघळवणाऱ्या औषधात बुडवला, सायकलच्या पंपानं हवा मारली. बंद. पुन्हा बुडवला. बंद. मिस्त्री म्हणाले, “राहू द्या काकू, नाही व्हायचं.” काकू म्हणाल्या, “काजातला एक टाका चुकला तर मी कोट टाकून देत नाही.” शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा हवा मारून त्यांनी जेट खिडकीसमोर धरला. सुईच्या नेढ्याएवढा उजेड आरपार दिसला. गोल. मिस्त्रींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

मला परत बसवलं. इंजिन चालू ठेवून माझा मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवत काकू ऐकत होत्या. शिलाई मशीनच्या दोऱ्याचा ताण लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. पाव फेऱ्यात काय होतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. “बास!” असं मिस्त्री आणि काकू एकदमच म्हणाले.

सोमवारी तपासणीच्या माणसानं मागच्या नळीत यंत्राची नळी खुपसली. धुरातल्या विषारी वायूचा आकडा तीनच्या आत हवा होता. मागच्या वेळी सहाच्या जवळ गेला होता. मी आयुष्यात एवढा नेमानं श्वास घेतला नसेल. आकडा चढला, थांबला. दोन पॉइंट सहा.

“काय केलंत हो काकू? इंजेक्शन बसवलंत का?”

“छे! एक सुई काढून घेतली.”

घरी येऊन काकूंनी मुलाला फोन केला. “पास झाली. आता वरची खोली उघड, आम्ही आजच निघतोय. पंधरा दिवसांसाठी. बाबांचे डोळे झाले की परत.”

बॅगा गाडीत चढल्या तशी शेजारीण कुंपणापाशी आली. “बघा! मी म्हटलं नव्हतं, सोमवारी गाडी जाणार आणि दोघंही जाणार?”

“अगदी बरोबर म्हणालात,” काकूंनी घराची किल्ली तिच्या हातावर ठेवली. “कुंड्यांना पाणी घाला. आणि आम्ही परत कधी येणार, तेही सांगत सुटा गावभर.”

हे मी बोलतोय ते शहराच्या पहिल्या सिग्नलवरून. काकूंचा पाय पेडलवर नाही. नवा जेट थेंबाथेंबानं पेट्रोल देतोय, इंजिनाची धडधड ऐकूही येत नाही. माझ्यासारखे म्हातारे तुमच्याही दारात असतील. त्यांना औषधात बुडवा, हवा मारा, थोडा धीर धरा, पण टोचू नका. एवढंच मागणं.

मास्तर मघापासून अस्वस्थ आहेत. आता त्यांनी काकूंच्या दंडाला हात लावला.

“अगं, बंद पडली का गाडी?”

“नाही हो. चालू आहे.”