ऐकून घेणारे सर

आनंदाबाई बोलत होती आणि पुंडलिकराव सर मान डोलावत होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती पुन्हापुन्हा सोडवत होती. शेवटी तिने काहीतरी विचारलं. सरांनी समजूतदारपणे मान हलवली, "हो, हो," म्हटलं. बाई पाया पडली आणि निघून गेली.

तिने काय विचारलं, ते सरांना ऐकूच आलं नव्हतं.

त्यांचे कान गेल्याला दोन वर्षं झाली होती. गणिताच्या मास्तरला ते लपवणं फारसं जड जात नाही. सगळा कारभार फळ्यावरच. घंटा दिली की मंगरू शिपाई पाण्याचा पेला घेऊन वर्गाच्या दारात येई, तेव्हा सर पुस्तक मिटत. पण हेडमास्तर ऑपरेशनसाठी महिनाभर नागपूरला गेले, खुर्ची सरांकडे आली आणि पंचाईत झाली. हेडमास्तरला ऐकावं लागतं.

गंमत अशी, की दोन दिवसांतच त्यांचं नाव झालं. सर कुणाला मध्ये तोडत नाहीत, घाई करत नाहीत. ड्रिलमास्तर ताराचंद स्टाफरूममध्ये म्हणाले, "असा ऐकून घेनारा मानूस नाई पाहिला बा!" सर तिथेच बसले होते. ही तारीफही त्यांना ऐकू आली नाही.

खरं सांगायची त्यांना भीती वाटत होती. शाळेने घरी बसवलं तर दिवसभर करायचं काय? बायको, सत्यभामाबाई, गेल्यापासून घरात त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. कान गेलेत हे त्यांना स्वतःला कळायलाही म्हणूनच उशीर झाला. संध्याकाळी ते वाचनालयातली कादंबरी घेऊन बसत. पुस्तकातल्या माणसांचं सगळं बोलणं समजे, एवढंच त्यांना बरं वाटे.

गुरुवारी नववीत तुळसाची जागा रिकामी होती. तुळसा आनंदाबाईची पोरगी, फळ्यावर सरांची चूक काढणारी वर्गातली एकटीच. शुक्रवारीही ती आली नाही. शाळा सुटल्यावर सर तिच्या घरी गेले. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि तुळसा ते पायाने फिरवत होती. तिने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुळसा शाळेत काहून नाही येत?" सरांनी विचारलं.

आनंदाबाई गोंधळली. सरांनी तिला समोर येऊन मोठ्याने, सावकाश बोलायला लावलं.

"तुमीच त हो म्हनले, गुरुजी. साकोलीकडची सोयरीक आली, इची शाळा सोडवू का, म्हून इचारलं मी. तुमी नाही म्हनले असते, त मी तिच्या बापासंग भांडली असती."

सर अंगणात खालीच बसले.

"बाई, मले ऐकू येत नाही," ते म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. बहुतेक फार मोठ्याने म्हणाले असावेत, कारण शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. "तुमी काय इचारलं ते मले समजलंच नव्हतं. मी उगाच मान हालवली."

आनंदाबाई आणखी जवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आता सबद गेला, गुरुजी. काल साकोलीवाले कुंकू लावून गेले."

तुळसाने तेव्हा वर पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. ते समजायला कान लागत नव्हते.

सर दिवेलागणीपर्यंत तिच्या बापाची वाट पाहत बसले. तो आल्यावर हात जोडले. मॅट्रिक होऊ द्या, दीड वर्षाचाच प्रश्न आहे, म्हणाले. बापाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधूनमधून मान हलवली. ती मान हलवणं सरांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

शनिवारी त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींना चिठ्ठी लिहिली: मला ऐकू येत नाही, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी, वर्गाचं आपण ठरवाल तसं. उत्तर येईपर्यंत वर्ग तरी त्यांचाच होता. सोमवारी त्यांनी नववीलाही तेच सांगितलं. "उत्तर वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि वही वर धरा." वह्या वर झाल्या. तिसऱ्या बाकावर एक जागा तेवढी मोकळी राहिली.

मंगरू पेला घेऊन दारात आला. सरांनी पुस्तक मिटलं नाही. आज पहिल्यांदाच ते त्याच्याकडे नीट बघत होते.

"तुले कधीपासून माहीत होतं, मंगरू?"

मंगरूने दोन बोटं वर केली.

"मंग मले बोलला काहून नाहीस?"

मंगरू खाली बघत बराच वेळ काही बोलत राहिला. सरांची मान सवयीने हलू लागली होती. त्यांनी ती थांबवली.

"समजलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांग."