डिंक वाळेपर्यंत

वकिलांच्या त्या कार्यालयात म्हाताऱ्या कारकुनाला सगळे डिंककाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम इमानाने केलं. सकाळी सात वर्तमानपत्रं आणि कोर्टाच्या निकालांचं साप्ताहिक समोर घ्यायचं, कायद्याची बातमी दिसली की कात्रीने कापायची आणि जाड वहीत चिकटवायची. चिकटवल्यावर ते कात्रणावर तळहात दाबून, डिंक वाळेपर्यंत गप्प बसत. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढून कपाटातल्या फायली एकेक करून सरकत. ही बातमी कुणाच्या कामाची? त्या भाडेकरूच्या? त्या घटस्फोटवालीच्या? आठवलं की ते उठत, ती फाईल काढून तिला लाल दोरा बांधत आणि साहेबांच्या टेबलावर ठेवत. साहेब म्हणजे थोरले वकील. लाल दोरा दिसला की ते हातातलं काम टाकून ती फाईल उघडत.

"डिंक वाळतोय की तुमची झोप चाललीय?" साहेब येता-जाता विचारत.

"दोन्ही, साहेब. पण डिंक आधी वाळतो."

दर सोमवारी एक शिवणवाली येई. दवाखान्याच्या चादरींना काठ घालायचं काम करणारी, साठी उलटलेली बाई. तिचा एकुलता मुलगा ट्रकवर होता. ट्रकमध्ये मालाखाली भलतंच काही सापडलं, आणि बरोबरच्या हमालाने पोलिसांपुढे जबाब दिला की ते ड्रायव्हरनेच ठेवलं. त्या एका जबाबावर मुलाला अठरा वर्षांची शिक्षा झाली. सात सरली होती. अपील फेटाळलं गेलं होतं. साहेबांनी तिला सांगितलं होतं, "आता कायदाच बदलला किंवा वरच्या कोर्टाने काही नवीन म्हटलं, तरच दार उघडेल." तेव्हापासून ती दर सोमवारी दाराशेजारच्या स्टुलावर बसे आणि नमस्काराच्या जागी एवढंच विचारी, "दोरा बांधलात का, भाऊ?"

"नाही हो बाई. बांधला तर मीच धावत येईन सांगायला."

"धावू नका. पडलात तर बांधणार कोण?"

एवढं बोलून दोघं थोडं हसत आणि ती चादरींकडे परत जाई.

मग साहेबांची मुलगी वकील होऊन कार्यालयात आली. डिंककाकांनी तिला फ्रॉकात पाहिलेलं. पहिल्याच आठवड्यात तिने त्यांच्या टेबलावर संगणक ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"काका, इतकी वर्षं तुम्ही बातमीच्या मागे धावलात. आता बातमी तुमच्या मागे धावेल. हे फीड. प्रत्येक कोर्ट, प्रत्येक सरकारी खातं, प्रत्येक वर्तमानपत्र आपल्या वेबसाइटवर नवीन काही टाकतं ना? त्याचा मथळा आपसूक इथे येऊन पडणार. कात्री नको, डिंक नको."

"आणि मी?"

"तुम्ही वाचायचं. शिवाय आपलंही फीड काढायचं. रोज तीन बातम्या निवडायच्या, हे बटण दाबायचं, की त्या आपल्या कार्यालयाच्या नावाने बाहेर जातात. ज्यांनी आपलं फीड घेतलंय त्यांच्या पडद्यावर पोचतात. लोकांना कळू दे की इथले वकील जागे आहेत."

कार्यालयात वर्तमानपत्रं यायची बंद झाली. पहिल्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसला, चारशे बारा. एवढे मथळे न वाचलेले. डिंककाका चष्मा नाकावर सरकवून एकेका ओळीवर बोट ठेवत बसले. संध्याकाळपर्यंत शंभर झाले, तोवर नवे दोनशे येऊन पडले. तो आकडा साहेबांच्या फोनवरही दिसे.

"काय हो, पाचशे बाकी? प्रत्येक अक्षराला डिंक लावताय की काय?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. टंकलेखक बाई तोंडावर रुमाल धरून हसली. डिंककाकाही हसले, पण कान तापले होते. अठ्ठावीस वर्षांत त्यांचं काम कधी उद्यावर गेलं नव्हतं.

मुलीनेच मग त्यांना खालचं बटण दाखवलं. 'सर्व वाचले'. "मथळ्यांवर नुसती नजर फिरवायची, तीन निवडून बाहेर पाठवायचे, आणि जाताना हे दाबायचं. सगळं करडं होतं, वर शून्य येतं."

शून्य आलं की साहेब खूश. डिंककाकांना चटक लागली म्हणायला हरकत नाही. सहाला पाच कमी असताना ते बटण दाबत आणि हात धुतल्यासारखे मोकळे होऊन घरी जात. महिन्याभरात कात्री खणात मागे सरकली. लाल दोऱ्याची गुंडीही. फाईल कुठली, हा प्रश्न त्यांना पडेनासा झाला, कारण तो ज्या घडीला पडायचा ती घडीच उरली नव्हती. आपण काही गमावलंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. उलट घरी बायकोला ते सांगत, "या वयात शिकलो बघ."

एका सोमवारी शिवणवाली आली ती स्टुलावर बसलीच नाही.

"भाऊ, तुरुंगात भेटीच्या रांगेत एक बाई भेटली. तिच्या पोराचा खटला पुन्हा उभा राहतोय म्हणे. त्यालाही असंच दुसऱ्याच्या जबाबावर आत टाकलं होतं. वरच्या कोर्टाने काहीतरी म्हटलंय. तुम्हाला ठाऊक असेलच."

"बघतो हं," डिंककाका म्हणाले. "बसा तुम्ही."

पडद्यावर शोधायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. निकाल सापडला. सोबतीच्या एकट्याच्या जबाबावर ज्यांना शिक्षा झाली आहे, त्यांनी निकालापासून पंचेचाळीस दिवसांत अर्ज करावा, त्यांचं प्रकरण पुन्हा ऐकलं जाईल. मथळा मात्र कोरडा ठणठणीत होता, 'सोबतीच्या जबाबाच्या ग्राह्यतेविषयी निर्देश'. त्याचा रंग करडा होता. आणि शेजारी छोटी खूण होती, 'आपल्या फीडमधून प्रसारित'.

त्यांनी तारीख पाहिली. बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोजलं. निकालाला आज बावन्नावा दिवस होता. बातमी त्यांनी स्वतः तिसऱ्या दिवशी बाहेर पाठवली होती. त्या दिवसाच्या तिनांतली दुसरी. पाठवल्याचं त्यांना आठवतही नव्हतं.

"सापडलं का?" शिवणवालीने विचारलं.

"साहेबांना विचारून सांगतो," म्हणत ते उठले.

आतल्या खोलीत दार लावून तिघं बसले. साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुमच्या हातून गेलं हे?"

"हो."

"वाचलं नव्हतंत?"

"पाठवलं होतं, साहेब."

मुलगी मान खाली घालून होती. ती म्हणाली, "उशीर माफ करावा असा अर्ज देऊ. कार्यालयाला निकाल मुदतीनंतर कळला, असं लिहू. सात दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आणि ते आपल्या फीडमधलं?" डिंककाकांनी विचारलं.

"ते पान मी काढून टाकते. कोण बघतंय?"

हे बरोबर नाही, हे डिंककाकांना कळत होतं. पण बाहेर ती बाई स्टुलाच्या कडेला टेकून बसली होती, आणि सात दिवस म्हणजे केवढेसे. ते गप्प राहिले. मुलीने दोन बटणं दाबली, पान गेलं. डिंककाकांनी तेव्हा खणातून लाल दोरा काढला आणि फाईल शोधायला गेले, पण साहेब म्हणाले, "आता कशाला? आपल्याला ठाऊक आहे कुठली ते." दोरा त्यांच्या खिशातच राहिला.

सुनावणी लहानशा खोलीत होती. पंखा फिरत होता, बाकं भरलेली होती. शिवणवालीने इस्त्री केलेलं पातळ नेसलं होतं, नि ती सर्वांत पुढे बसली होती. साहेब पाच मिनिटं नेटकं बोलले. न्यायाधीश मान डोलावत होते, आणि डिंककाकांच्या छातीत थोडी जागा झाली.

मग सरकारी वकील उठले. हसतमुख माणूस. हातात एकच कागद.

"माझे विद्वान मित्र फार चांगलं फीड काढतात. मी पहिल्या दिवसापासून ते घेतलंय, रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. हा निकाल मला त्यांच्याकडूनच कळला. तिसऱ्या दिवशी." त्यांनी कागद पुढे केला. "त्यांच्या वेबसाइटवरून हे पान आता गेलेलं दिसतं. पण फीडचं असं आहे, एकदा ज्याच्या घरी पोचलं त्याच्याकडून परत घेता येत नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी कागद वाचला, अर्ज वाचला, पुन्हा कागद वाचला. अर्ज फेटाळला. खोटं सांगितल्याबद्दल साहेबांना चार शब्द सुनावले. साहेब ते मान खाली घालून ऐकत राहिले. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

व्हरांड्यात साहेब डिंककाकांच्या कानाशी म्हणाले, "तिला सांगा, कोर्टाने नाही म्हटलं. तेवढं खरंच आहे." आणि मुलीला घेऊन जिना उतरून गेले.

शिवणवाली खांबाजवळ उभी होती. "भाऊ, तो कागद कसला होता? सगळे त्याच्याकडेच बघत होते."

डिंककाकांनी खांबाला हात टेकला. "बाई, बातमी आमच्याकडे वेळेवर आली होती. तिसऱ्या दिवशी. मीच ती सगळीकडे पाठवली. तुमची फाईल माझ्या ध्यानातच आली नाही."

"सगळीकडे म्हणजे?"

"ज्याला हवी त्याला. दोनेकशे लोकांना."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे जगाला सांगितलंत," ती म्हणाली. "मी दर सोमवारी तुमच्यासमोर बसत होते हो."



पुढच्या सोमवारी ती आली. स्टुलाकडे गेली नाही, टेबलापाशी उभी राहिली. "फाईल द्या."

"दुसरे वकील बघितलेत का?"

"कोण बघणार आता? मुदत माझ्यासाठी थांबणार आहे का?"

"मग न्यायची कुठे?"

"घरी. पोरगा सुटायला अकरा वर्षं. मी तोवर असेन नसेन. पोरगा येत नाही, तर त्याचे कागद तरी घरी येऊ देत."

डिंककाकांनी कपाटातून फाईल काढली. सात वर्षांत फुगून उशीएवढी झाली होती, कागद दोन्ही बाजूंनी बाहेर येत होते. तिच्या पिशवीत ती मावेना.

"बांधायला काही आहे का?" तिने विचारलं.

त्यांनी खिशात हात घातला. लाल दोरा अजून तिथेच होता. त्यांनी तो फायलीभोवती दोनदा फिरवून गाठ मारली. तिने दोऱ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं नाही. फाईल काखेत धरून ती जिना उतरली, एकेक पायरी, कठड्याला धरून.

पडद्याच्या कोपऱ्यात तीनशे नव्वद होते. सहा वाजायला आले तेव्हा साहेबांनी आतून हाक मारली, "काका, आकडा?"

डिंककाकांनी बटणावर बोट ठेवलं आणि तसेच बसून राहिले. आकडा तीनशे एक्क्याण्णव झाला, मग तीनशे पंच्याण्णव.

"काका?"

त्यांनी बटण दाबलं.