सुरमईचं डोकं

दारोदार जाऊन "सुरक्षित मासळीसाठी तुम्ही किती जादा पैसे मोजाल?" असं विचारणं हे नाझियाचं पोटापाण्याचं काम. उत्तर काहीही आलं तरी तिला ते जरा अडाणीच वाटे.

अब्बा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी फातेहासाठी त्यांच्या आवडीचा सुरमईचा रस्सा करायचं ठरलं, तेव्हा तिने कॉलेज रोडच्या थंडगार दुकानातून सगळ्यांत महाग पाकिटं आणली. प्रत्येकावर तपासणीचा शिक्का. ती रुबाबात स्वयंपाकघरात शिरली.

"सुरक्षित म्हणजे काय गं, बेटा?" अम्मीने विचारलं.

"खाल्ल्यावर काही होत नाही."

"त्यांना आता काय व्हायचं राहिलंय?"

नाझियाला हसू आलं. ते फार टिकणार नाही हे कळून ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

पाकिटांतून पांढरे, काटे काढलेले, एकसारखे तुकडे निघाले. अम्मीने ते ताटात उलटेपालटे केले. "डोकं कुठाय?"

डोकं हा अब्बांचा वाटा. घरात दुसऱ्या कुणी त्याला कधी हात लावला नव्हता, आणि फातेहाला त्यांच्या नावाने ठेवायच्या ताटलीत तेच हवं होतं.

"डोकं टाकून देतात ते, अम्मी."

"म्हणजे शेजाऱ्यांच्या डब्यांची सोय झाली. अब्बांसाठी काय आणलंस?"

तासाभरात ती जुन्या नाशकातल्या मासळीबाजारात, ओल्या फरशीवर, चपला सांभाळत उभी होती. मासेवाल्या वाल्मीकच्या फळीवर एक अख्खी सुरमई होती. अब्बा कल्ले उघडून बघायचे, म्हणून तिनेही उघडले.

"काय दिसतंय, ताई?" वाल्मीक म्हणाला.

"लाल."

"मग?"

किती लाल हवं, ते तिला माहीत नव्हतं. "ताजी आहे ना?"

असं विचारून विक्रेत्याच्या होकारावर विसंबणाऱ्यांना तिने गेल्याच अहवालात 'भोळा ग्राहक' म्हटलं होतं.

"ताजीच की."

"नुसतं डोकं द्याल?"

"अन् धड कोणाच्या गळ्यात मारू?"

तिने अख्खी घेतली. भाव पिशवी हातात आल्यावर विचारला.

घरी दोन्ही मासळी एकाच पातेल्यात शिजली. सुरक्षित कोणती, हे खुद्द नाझियालाही सांगता आलं नसतं. फातेहा झाली, शेजाऱ्यांकडे डबे गेले. झाकलेली ताटली तेवढी उरली. अम्मीने ती तिच्यापुढे सरकवली.

"मी?"

"मग काय मांजराला देऊ?"

नाझिया डोक्याकडे बघत राहिली. "कुठून सुरू करायचं?"

"गालापासून," अम्मी म्हणाली.

माशाचा गाल कुठे असतो, ते नाझिया बोटाने शोधू लागली.