कातडीने पाणी पिणारी

मी बेडकी बोलतेय. टेक्सासमध्ये फ्रिस्कोच्या बाहेर बेडूक पाळायची एक पत्र्याची शेड आहे, तिथल्या टबात माझा जन्म झाला. तळं मी कधी पाहिलेलंच नाही.

२००६च्या उन्हाळ्यात मी अंडी घातली. आमची देखभाल करणाऱ्या हिमानीने ती अलगद शेजारच्या टबात नेली. जाळीतून मला माझी पिल्लं दिसायची. मिरीच्या दाण्यांना शेपटी फुटावी तशी.

त्याच सुमारास हिमानीचे बाबा, मनोहर, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. घरात बसून कंटाळायचे, म्हणून लेकीबरोबर शेडमध्ये येऊ लागले. त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात झालेली. "कॉलऱ्याच्या साथीत विहिरी-विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकत फिरलोय मी," ते मला सांगायचे. "माझ्या वॉर्डात एक माणूस दगावला नाही. बेडकी असलीस म्हणून काय झालं, ऐकून घे!" मला ते फार आवडायचे.

मग पलीकडच्या रांगेत रोग शिरला. "बाबा, इन्फेक्शन पसरतंय," हिमानी रडकुंडीला आली होती. "रिकामे टब ब्लीचने डिसइन्फेक्ट करून येते. ही पिल्लं तरी वाचायला हवीत."

ती गेली. बाबांनी तिथली दुसरी ब्लीचची बाटली उचलली आणि माझ्या पिल्लांच्या पाण्यात बेताने ओतली. वाकून वास घेतला. "आता काळजी नाही गं," मला म्हणाले.

तुम्ही पाणी तोंडाने पिता, घशाला झोंबलं तर थुंकता. आम्ही कातडीने पितो. थुंकणार कसं? पिल्लांचे तर कल्लेच जळाले. ती आधी सैरावैरा पळाली, मग एकेक करून पोट वर करून तरंगू लागली. मी जाळीवर डोकं आपटत राहिले.

"बाबा, यात काही घातलंत?" हिमानीने परत येताच विचारलं.

"थोडंसंच. विहिरीत घालतो ना, तसं."

बाबांनी गाळणीने एकेक पिल्लू बाहेर काढलं. "तो वास आला की कुणी मरत नाही, असंच आयुष्यभर वाटत आलं," ते पुटपुटले.

माणसांनो, जंतू मारताना आणखी कोण मरतंय, एवढं विचारायलाही तुम्हाला सवड नाही? टब धुवा, जरूर धुवा. पण आम्ही आत नसताना. मग तो पुन्हापुन्हा खळबळा, आणि वास पुरता गेल्यावरच आम्हाला आत सोडा.

परवा मी पुन्हा अंडी घातली. उद्या बाबांचं विमान आहे. आज हिमानीने नव्या टबासाठी साध्या पाण्याची बादली त्यांच्यापुढे केली. "बाबा, तुम्ही ओता. सेफ आहे."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "तूच ओत," म्हणाले, आणि दाराकडे वळले.

राग नाही हो बाबा, म्हणून मी जिवाच्या आकांताने हाक मारली. त्यांना नुसतं डराव डराव ऐकू आलं असेल.