बिनविरोध

अध्यक्षबाईंनी केमिस्टला पार्सलांच्या ढिगाआड ओढलं आणि त्याच्या हातातली चिकटपट्टी काढून घेतली.

“यंदा तू उभा राहा.”

“कशाला?”

“अध्यक्षपदाला. माझ्याविरुद्ध. मला पाडायचं.”

केमिस्टच्या तोंडचं पाणी पळालं. सिनेगॉगमागच्या या दालनात गरजूंसाठी पार्सलं भरायला तो कॉलेजात असल्यापासून येत होता, पण बाईंविरुद्ध उभं राहणं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिथे कुणाच्याच आलं नव्हतं. चारचौघांत माणसाला खजील करणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं या ज्यू मंडळींच्या धर्मात लहानपणापासून मनावर ठसवतात. म्हणून तर पार्सल दाराशी ठेवायचं, घंटा वाजवायची आणि पसार व्हायचं. घेणाऱ्याला ओशाळं वाटायला नको. अशी माणसं आपल्या अध्यक्षांना मतदानात पाडणार? नावच नको! बाई वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येत होत्या. दोनदा त्यांनी राजीनामाही दिला होता. दोन्ही वेळा मंडळींनी तो फुलांच्या गुच्छासह परत केला.

“पण मावशी, झालंय तरी काय?”

बाई नखाने चिकटपट्टीचं टोक शोधत राहिल्या.

“समोरच्या इमारतीत माझी मैत्रीण अंथरुणाला खिळलीय. आम्ही दोघींनी मिळून हे काम सुरू केलं. आणि आता आजाऱ्यांना भेटायला माणसं पाठवते ना, तशी तिच्याकडेही पाठवते. माणूस पाठवते मी, तिच्याकडे! स्वतः बसते इथे, छताच्या गळतीवर चर्चा करत. तिला दिसत तर नाहीच, आवाजावरून ओळखते अजून. ते तरी किती दिवस, कुणी सांगावं?”

केमिस्टने मान खाली घातली.

“आणि मी पडलो तर?”

“तर तुझी खैर नाही.”

मग बाईंनी स्वतःविरुद्ध प्रचाराचा धडाका लावला. शिंप्याला म्हणाल्या, माझं वय झालं. तो म्हणाला, “छे! तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून याल.” नर्सला म्हणाल्या, हल्ली मी फार विसरते. ती म्हणाली, “माझ्या नातवाचा वाढदिवस तर फक्त तुम्हालाच आठवला होता.” बाईंनी कपाळावर हात मारला. इतकी चांगली माणसं एका जागी गोळा केली, हीच त्यांची चूक.

सभेत चिटणीसांनी घसा साफ करून विचारलं, “केमिस्टच्या बाजूने कोण?”

बाईंनी हात वर केला. भरल्या दालनात तेवढा एकच हात. बाकीचे आपापले बूट न्याहाळत होते. संपलं, असं बाईंना वाटलं. आणखी एक वर्ष, आणि मैत्रिणीकडे ते आहे की नाही कोण जाणे.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर हालचाल झाली. सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने हात वर केला होता.

“अहो!”

“घरी तरी दिसशील,” तो पुटपुटला.

मग शिंपी. मग नर्स, डोळे मिटून. मग हातच हात; एका आजोबांनी तर दोन्ही वर केले. बाईंना जरासं लागलंच, खोटं कशाला बोला! आणि मग त्या अशा खळखळून हसल्या, की चिटणीसांची मोजणीच चुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मैत्रिणीच्या पलंगापाशी उभ्या होत्या.

“कुणाला पाठवलंय आज?” मैत्रिणीने विचारलं.

“कुणाला नाही. मीच आहे.”

मैत्रिणीचा हात चाचपडत आला आणि बाईंच्या मनगटावर थांबला.

“बैठक नाही तुझी?”

“पाडलं मला. एकमताने.”

मैत्रिणीचे खांदे हसण्याने हलू लागले.

“अगं, मला तर कधीपासून पाडायचं होतं तुला! दर सभेला हात वर करायचा असं ठरवून यायचे. वाटायचं, तुला लागेल.”

“आणि मी दोन्ही राजीनामे मागे घेतले; म्हटलं, तुला वाटेल, आपलं काम टाकून गेली.”

दोघी इतक्या हसल्या की शेजारीण दार उघडून डोकावून गेली.

“जायची घाई नाही ना?” डोळे पुसत मैत्रिणीने विचारलं.

बाईंनी पायातले बूट काढले आणि पांघरुणाचं टोक उचललं.

“सरक जरा तिकडे.”