वकीलबाईंचा डावा जोडा

स्मारक समितीच्या चिटणिसांनी आधी रुमालाने स्टूल पुसलं, मग रुमाल उलटा करून पुन्हा पुसलं, आणि मगच ते टेकले. आरीमावशीचं डोकं तिथेच फिरलं. दुकानात चामड्याचे कपटे असत, खळ असे, मेण असे, पण स्टूल ती रोज सकाळी ओल्या फडक्याने स्वतः पुसत असे.

"बोला," ती म्हणाली. हातातली चामडं टोचायची आरी काही तिने खाली ठेवली नाही.

अख्ख्या बाजारात जोडे शिवणारी बाई ती एकटीच. बापामागे दुकान तिनेच चालवलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. जिभेला धार अशी, की लोकांनी तिला तिच्या हत्याराचंच नाव दिलं. तोंडावर मावशी म्हणत, माघारी आरीमावशी. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही चालत होतं.

"वकीलबाईंच्या घराचं स्मारक होतंय," चिटणीस म्हणाले. "पुढच्या महिन्यात उद्घाटन. बाईंचा चष्मा मिळाला, खुर्ची मिळाली, पेनसुद्धा मिळालं. जोडे तेवढे नाहीत. तुमचे वडील बाईंचे जोडे करायचे असं कळलं."

"नऊ जोड केले. नववा पायात असतानाच बाई गेल्या."

वकीलबाई म्हणजे ज्यांच्यामुळे काचेच्या कारखान्यांतली पोरं भट्टीपासून सुटली त्या. कोर्टाने विचारलं होतं, मुलं कामाला आहेत याला पुरावा काय? बाईंनी पुरावा गोळा केला. सात कारखाने, वर्षभर, रोज सकाळी पायी. फाटकाबाहेर उभं राहून आत जाणारं एकेक पोर मोजलं, त्याचं नाव विचारलं आणि वहीत लिहिलं. पुढे कायदा झाला. आता त्यांच्या नावाचा रस्ता आहे, शाळा आहे, चौकात पुतळा आहे. आणि ज्या पायांनी हे सगळं झालं त्यातला डावा, लहानपणच्या दुखण्याने, दोन बोटं आखूड होता.

"साचे आहेत माझ्याकडे," मावशी जरा निवळून म्हणाली. बाईंचं काम म्हटल्यावर ती नाही कशाला म्हणेल? "पंधरा दिवसांत देते. डाव्याला दोन बोटं जाड तळ, बुचाचा, वर चामड्याचे थर. जसा होता तसाच."

चिटणीस खाकरले. "तेवढं... सारखेच करा ना दोन्ही."

"काय?"

"समितीचं मत पडलं. पुतळ्यात बाई ताठ उभ्या आहेत. एकाही फोटोत पाय दिसत नाही. मग उगाच लोकांनी विचारायचं, आपण सांगत बसायचं. थोर व्यक्तीचं थोरपण दिसावं, व्यंग कशाला?"

"फोटोत पाय दिसत नाही, कारण प्रत्येक फोटोवाल्याने बाईंना खुर्चीत बसवलं," मावशीचा आवाज चढला. "पुतळा कोणी केला ते मला माहीत नाही, पण त्याने बाईंना चालताना बघितलं नव्हतं एवढं नक्की. सात कारखाने त्या काय पुतळ्याच्या पायांनी हिंडल्या?"

तेवढ्यात आतून तिची भाची चहा घेऊन आली. मावशीच्या धाकट्या बहिणीची ही लेक, आई गेल्यापासून मावशीकडेच वाढली. पदवीधर, आवाज असा गोड की फोनवर ऐकणारा माणूस फोन ठेवायला विसरावा. आणि डावा पाय जन्मापासून आखूड. मावशीने शिवलेला जाड तळाचा जोडा फरशीवर वाजला, तसे चिटणीस आधी जोड्याकडे आणि मग पोरीकडे बघायला लागले.

"तुम्हीच ना अर्ज केलाय? माहिती सांगणाऱ्याच्या जागेसाठी?" त्यांनी विचारलं. "पाहिला मी. चांगला आहे. फक्त काम उभ्याचं आहे हो. पाहुण्यांसमोर वावरायचं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण बघता येईल. जोडे मनासारखे झाले, तर सगळंच बघता येईल."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात.

"उठा."

"अहो, मी फक्त..."

"उठा म्हणते ना. स्टूल पुन्हा पुसायचंय मला."

चिटणीस गेले. मावशी अभिमानाने भाचीकडे वळली, तर भाचीचं तोंड रागाने लाल.

"झालं समाधान?" भाची म्हणाली. "सहावा अर्ज होता माझा. सहावा! पाच ठिकाणी तोंडावर नाही म्हणाले. हा एक माणूस बघू म्हणाला, त्याच्या हातातला चहा काढून घेतलास."

"तो तुझ्या पायाचा सौदा करत होता, कळलं नाही तुला?"

"कळलं. मला करायचा होता सौदा."

"बाईंनी काय केलं माहीत आहे ना? माझ्या बापाने एकदा त्यांच्यासाठी..."

"माहीत आहे!" भाची ओरडली. "दिसायला सारखा जोड केला. घोट्यापर्यंतचे बूट, उंची सगळी आत लपवलेली. आणि बाईंनी तो जोड गल्ल्यावर आपटला, आणि म्हणाल्या, माझा पाय मी लपवायला आले नाही. शंभरदा ऐकलंय. शाळेत पोरं मला चिडवायची तेव्हा हेच. वर्गातून मी पळून आले तेव्हाही हेच. तुझी बाई कधी लाजली नाही. मी लाजते. मग मी काय करू, पाय कापून टाकू?"

मावशीने आरी उचलली आणि अर्धवट राहिलेला तळ शिवायला लागली. दोन टाके चुकले, ते उसवले, पुन्हा घातले.

पुढे आठ-दहा दिवसांनी भाची म्हणाली, "मला घेतलं स्मारकात." मावशीने विचारलं, कसं काय? भाची म्हणाली, "त्यांना पटलं." मावशीला वाटलं, आपण दिलेला दणका बसला बेट्याला. त्या आनंदात तिने पोरीसाठी नवा जोड शिवला, तपकिरी, मऊ. भाचीने तो घातला, पण नमस्कार करताना मान काही वर केली नाही.

उद्घाटनाच्या सकाळी मावशी माळ्यावरून चामडं काढायला चढली. कोपऱ्यात बापाची लाकडी पेटी होती. तिच्यात तो जोड असे, दिसायला सारखा, एकदाही रस्त्यावर न गेलेला. वर्षातून एकदा ती त्याला तेल लावायची. पेटीची कडी उघडी होती. आत नुसते पिवळे पडलेले कागद.

मावशी खाली उतरली ती पायऱ्यांकडे न बघताच. दुकान तसंच उघडं टाकलं, शेजारच्या कुलूपवाल्याला म्हणाली, "बघ जरा," आणि अंगावर कामाचा एप्रन तसाच घेऊन निघाली.

वकीलबाईंचं घर पांढरं रंगवलं होतं. दारात फुलं, आत नव्या रंगाचा वास. प्रमुख पाहुणे अकराला यायचे होते, पण दहा-बारा माणसं आधीच आत फिरत होती. पहिल्याच खोलीत मोठं उंच टेबल, आणि त्याच्यामागे राखी कोट घालून तिची भाची बसलेली. फक्त खांद्यांपासून वर दिसत होती.

"तू उभी का नाहीस?" मावशीने विचारलं.

"सरांनी सांगितलंय. पाहुणे आले तरी उठायचं नाही, इथूनच बोलायचं." भाचीने हात जोडले, आवाज खाली आणला. "मावशी, आज नको. पाया पडते."

मावशी पुढच्या खोलीत गेली. बाईंची खुर्ची दोरीच्या आत. तिच्याशेजारी काचेचं कपाट, त्यात दिव्याखाली तो जोड. चिठ्ठी होती: वकीलबाईंच्या नित्य वापरातील पादत्राणे.

कपाटासमोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. ते चिठ्ठीवर बोट फिरवत अक्षर अक्षर लावत होते.

"हे बाईंचे नव्हेत," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

"काय म्हणालात?" चिटणीस लगबगीने आले आणि मावशीला बघून जागीच थबकले.

"बाईंनी मला मोजलं होतं," म्हातारे म्हणाले. "चारशे बारावा. नऊ वर्षांचा होतो. खाली मान घालून उभा होतो, त्यामुळे चेहरा नाही आठवत मला. पण जोडा आठवतो. डावा जाड. सगळा चिखलाने भरलेला. याच्या तळाला तर साधा ओरखडा नाही."

"ऐकलंत?" मावशी चिटणिसांकडे वळली. "नित्य वापर म्हणे! दुकानाबाहेर गेला नाही हा जोड. माझ्या माळ्यावरून चोरलेला माल आहे हा."

"चोरलेला नाही. तुमच्या भाचीने सही करून दिलाय," चिटणीस दातांवर दात ठेवून म्हणाले. "आणि आवाज खाली ठेवा. नाहीतर तिच्या नोकरीचं पुन्हा बघावं लागेल मला."

हे ऐकून भाची आली. टेबल सोडून, नव्या लाकडी फरशीवर तो जोडा वाजवत आली. माणसं वळून बघायला लागली.

"हो, मी दिला," ती म्हणाली. "यांनी मागितले सारखे, आपल्याकडे होते सारखे. खोटं काय त्यात? बाईंसाठीच केले होते ना? बाईंनी आपटले, कारण बाईंना लाज नव्हती. मला आहे. मला नोकरी हवी होती. बस? आता सगळ्यांनी ऐकलं!"

मावशीच्या तोंडात उत्तर तयार होतं. गल्ला, आपटलेला जोड, ते वाक्य. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं. पोरीचा चेहरा बघितला आणि तिला स्वतःचाच असा संताप आला की एप्रनच्या खिशातली मूठ आवळली गेली.

"आपटला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"बाईंनी जोड आपटला नाही. तो जोड त्यांनीच मागितला होता. कोर्टात पहिला दिवस होता त्यांचा. येऊन बापाला म्हणाल्या, असं काही करा की कुणाला कळू नये. मी दहा वर्षांची, कोपऱ्यात दोऱ्याला मेण लावत होते. बापाने आठ दिवस खपून केला. बाई आल्या, घातला, आरशात बघितलं. चार पावलं चालल्या. मग खाली बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. डोळ्यांत पाणी. बापावर उगाच खेकसल्या, कुठे चावतोय म्हणून. कुठेही चावत नव्हता. मग म्हणाल्या, राहू दे, ठेवा इथेच. आणि जुन्याच जोड्यावर कोर्टात गेल्या."

मावशीने काचेतल्या जोडाकडे बघितलं.

"बाई गेल्यावर लोक दुकानात यायला लागले. बापाने पहिल्यांदा सांगितलं, ठेवून गेल्या. मग सांगितलं, परत दिला. मग आपटला. त्याच्यामागे मी तेच सांगितलं. ते वाक्यसुद्धा माझंच आहे, बाईंचं नाही." तिने चिटणिसांकडे बोट केलं. "यांनी पाय सारखे केले म्हणून मी यांच्या नावाने बोटं मोडत होते. मी काय वेगळं केलं?"

भाची पांढरीफटक पडली होती. मावशीला वाटलं, आता ही रडेल आणि आपल्या गळ्यात पडेल.

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?" भाची म्हणाली. आवाज इतका बारीक की मावशीला त्याची भीती वाटली. "सहावीत असताना मी तळघरात लपून बसले होते, संध्याकाळपर्यंत. तू मला बाहेर काढलंस आणि तेव्हाही ते आपटल्याचंच सांगितलंस. मला वाटलं, सगळ्या जगात लाजणारी मी एकटीच."

"मला वाटलं, तुला बळ येईल."

"तू जा इथून, मावशी. घरी आल्यावर बघू. तोवर माझ्याशी एक शब्द बोलू नकोस."

"या बाईला जोडे परत द्या आणि विषय संपवा," चिटणीस घड्याळाकडे बघत म्हणाले. "तुम्ही टेबलामागे बसा. पाहुण्यांची गाडी येतेय."

"जोडे इथेच राहतील," भाची म्हणाली. "मी सही करून दिलेत. चिठ्ठी बदला."

"चिठ्ठी समिती ठरवते."

"मग चिठ्ठी राहू दे. मी तोंडाने सांगते. त्यासाठीच घेतलंय ना मला? आणि टेबलामागे नाही बसणार मी. काढायचं असेल तर काढा. पण आत्ता, या सगळ्यांसमोर काढा."

चिटणिसांनी आजूबाजूला बघितलं. भाजलेल्या हातांचे म्हातारे तोपर्यंत दोरी ओलांडून बाईंच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

"अहो, उठा! ती पाहायची खुर्ची आहे!"

"पाय दुखतात माझे," म्हातारे म्हणाले. "पोरीला बोलू द्या, मग उठतो."

बाहेर गाडीचा दरवाजा लागला. चिटणिसांनी कपाळावरचा घाम पुसला, भाचीकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळी माझ्या खोलीत या," आणि तोंडावर हसू चढवत दाराकडे पळाले.

मावशी भिंतीला टेकून टेकून दाराशी आली. तिला भाचीला हाक मारायची होती, पण पोरीने पाठ फिरवलेली होती आणि ती पाठ ताठ होती. पाहुणे आत शिरत होते, हार, कॅमेरे, अत्तराचा वास. मावशी कडेने बाहेर पडली आणि पायरीवर थांबली.

आतून भाचीचा आवाज आला, मोठा, स्पष्ट. जोड कुणी केला, कुणी मागितला, घालून चार पावलं चालून कुणी ठेवून दिला. काहीही गाळलं नाही. आरीमावशीचं नावसुद्धा गाळलं नाही, तिने चाळीस वर्षं काय सांगितलं तेही गाळलं नाही.

कुणा पाहुण्या बाईंनी विचारलं, "म्हणजे वकीलबाई लाजायच्या?"

"हो, लाजायच्या," भाची म्हणाली. "मीपण लाजते. चला, पुढच्या खोलीत या."