वरच्या माणसाचं घड्याळ

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की आधी मला विचारतात. मी कशातलाच तज्ज्ञ नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे माझ्याकडे वेळ असतो, आणि तो मी अनोळखी लोकांनी अनोळखी वस्तूंविषयी लिहिलेले अभिप्राय वाचण्यात घालवतो. आईची गादी मीच निवडली. आई तिच्यावर झोपत नाही, पण गादी उत्तम आहे याबद्दल घरात एकमत आहे.

त्यामुळे भावोजींना नवं घड्याळ हवंय असं ताईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आनंदाने कामाला लागलो. रोज वापरायचं, उन्हापावसात टिकणारं, खिशाला परवडणारं घड्याळ. दिसायला सोपी गोष्ट. पण या विषयावर जगात किती माणसं आयुष्य वेचतायत हे मला ठाऊक नव्हतं. एका गृहस्थाने आपलं घड्याळ बर्फात गोठवलं होतं, मग उकळलं होतं, मग त्यावरून ट्रॅक्टर नेला होता. घड्याळ चालू होतं. हा माणूस वेळेवर कुठे जात असेल असं मात्र त्याच्या लिखाणावरून वाटत नव्हतं.

भावोजी विजेच्या खांबांवर चढणारे. तारा जोडणं, तारा ज्यांवर टेकतात ते चिनी मातीचे फुटलेले कप बदलणं, वादळानंतर लोंबकळणाऱ्या फांद्या सोडवणं, ही त्यांची नोकरी. त्यांच्या टोळीत माणसांचे दोनच प्रकार: वरचे आणि खालचे. वरचा चढतो, खालचा दोर धरतो, हत्यारं पाठवतो आणि अधूनमधून वर बघून सल्ले देतो. भावोजी इतकी वर्षं वरचे होते, की टोळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘खार’ म्हणत. ताईलासुद्धा टोळीतली पोरं ‘खारवहिनी’ म्हणत आणि ती ओ देत असे.

वरच्याच्या हातावर धातू चालत नाही. अंगठी नाही, कडं नाही, साखळीचं घड्याळ तर नाहीच. भावोजींची लग्नातली अंगठी लग्नानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी ताईने स्वतः साबण लावून काढली, ती आजतागायत देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला आहे. म्हणजे घड्याळ हवं ते प्लॅस्टिकचं, रबरी पट्ट्याचं, आणि पट्ट्याचं बक्कलसुद्धा प्लॅस्टिकचं. मागचं झाकण तेवढं धातूचं असतं, पण ते हातमोज्याखाली जातं, त्यामुळे तिथे नियम डोळ्यांवर कातडं ओढून घेतो. आणि घड्याळ तर हवंच. तारेतली वीज ठरलेल्या वेळापुरती बंद असते. ती परत सुरू व्हायच्या आत वरच्याने खाली यायचं असतं, आणि फोन असतो खालच्याच्या खिशात.

जुनं घड्याळ इस्पितळात गेलं. म्हणजे हरवलं नाही. ताप मेंदूत चढला, भावोजी बरेच दिवस तिथे होते, आणि एका दुपारी त्यांना फिट आली तेव्हा नर्सने पट्टा कात्रीने कापला. पुढे ते घरी आले. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, जेवण जाऊ लागलं. आता सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

मी तीन घड्याळांपर्यंत पोचलो होतो तेव्हा ताईचा परत फोन आला. आवाज स्वयंपाकघरातला होता, म्हणजे नळ सोडून बोलत होती.

“साहेबांचा फोन होता,” ती म्हणाली. “त्यांना परत वर चढवणार नाहीत.”

“सध्या ना?”

“कधीच नाही. एकदा फिट आलेल्या माणसाला खांबावर सोडत नाहीत म्हणे. ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर बसवणार. मला म्हणाले, वहिनी, तुम्हीच सांगा, माझी जीभ रेटत नाही.”

“मग सांग.”

“तू सांग.”

“मी?”

“तू कॉलेजात शिकवतोस ना.”

“ताई, मी अर्थशास्त्र शिकवतो.”

“मग? वाईट बातम्या समजावून सांगायचंच शास्त्र ना ते?”

ठरलं असं, की शनिवारी घड्याळ घ्यायला तिघांनी जायचं आणि वाटेत कुठेतरी मी विषय काढायचा. मी वाटेत चहाच्या टपरीशी विषय काढायला थांबलो. चहा झाला. मग रस्त्याच्या कडेला पानगळ झालेल्या झाडाशी थांबलो. भावोजींनी झाडाकडे बघून सांगितलं, “या फांदीला पावसाळ्याआधी हात लावायला पाहिजे. सोमवारी सांगतो पोरांना.” मग मी कुठे थांबलोच नाही.

चालताना ते खुशीत होते. अंगातले कपडे सैल झाले होते, पण चाल तीच होती, जमिनीवर उगाच वेळ घालवत असल्यासारखी. हातात कापडी पिशवी होती. तिच्यात काय आहे हे ताईने विचारलं तर म्हणाले, “काम आहे.”

दुकानात काउंटरमागे एक बाई होत्या. चष्मा साखळीला, बोलणं साखळीविना.

“कुणाला हवंय? साहेबांना? ऑफिसला की सणासमारंभाला?”

“बाहेरच्या कामाला,” मी म्हणालो. “मजबूत पाहिजे.”

“मग हे घ्या. पाण्यात शंभर मीटरपर्यंत काही होत नाही.”

“मला होतं,” भावोजी म्हणाले. “मला पोहता येत नाही.”

बाई हसल्या. दुसरं काढलं. “याच्यावरून गाडी गेली तरी चालतं.”

“आम्ही असतो तिथवर गाड्या येत नाहीत हो बाई. कावळे येतात.”

मी माझा अभ्यास पुढे सरकवायला सुरुवात केली: काचेवर ओरखडे, रात्री दिसणारे काटे, बॅटरीचं आयुष्य. भावोजींनी माझं सगळं आदराने ऐकून घेतलं, जसं ते आईच्या गादीबद्दलचं ऐकतात. मग पिशवी उघडली. आत त्यांचे रबरी हातमोजे होते. जाड, मनगटापलीकडे जाणारे, पावडर लावून घडी घातलेले. इस्पितळातून आल्यावर त्यांनी ते कधी धुतले, कधी वाळवले, आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी बॅटरीच्या आयुष्याकडे बघितलं.

त्यांनी एक काळं, जाडजूड, प्लॅस्टिकचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि वरून मोजा चढवला. मग मोज्याची कड दुसऱ्या हाताने मागे सारून वेळ दिसते का ते पाहिलं. दिसली. दुसऱ्या घड्याळाचा आकार मोठा होता, मोजा अडकला. ते नापास झालं. अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी कुणी ही परीक्षा घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

“आता एकच बघतो,” ते म्हणाले.

दुकानाच्या मधोमध एक गोल खांब होता, छताला टेकू दिलेला. भावोजी तिथे गेले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. डावा हात खांबामागून फिरवून पुढे आणला, मान वळवली आणि मोज्याची कड मागे सारलेल्या मनगटावरची वेळ वाचायचा प्रयत्न केला. एक गिऱ्हाईक बाई मुलाला घेऊन बाजूला सरकली.

“तसं काही नाही,” मी तिला म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

“दिसतंय!” भावोजी खांबाआडून म्हणाले. “स्वच्छ दिसतंय. आकडे मोठे आहेत.” आणि मग, दिसतंय या खुशीत म्हणा, सवयीने म्हणा, त्यांनी उजवी चप्पल सोडली आणि पाऊल खांबाला लावलं.

“अहो,” ताई म्हणाली. तिचा आवाज फार वर गेला. “अहो, ते राहू द्या ना. हे बघा, हे स्टीलचं. हे किती शोभेल तुमच्या हाताला.”

काउंटरवरच्या बाईंना यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “वहिनींची नजर चांगली आहे,” आणि स्टीलच्या पट्ट्याचं ते घड्याळ मखमलीवर ठेवलं. मलासुद्धा समजायला क्षणभर लागला. नवऱ्याच्या बोटातली अंगठी साबण लावून काढणारी बाई त्याच्या हाताला स्टील सुचवत होती.

भावोजींनी पाऊल खाली घेतलं. चप्पल शोधून पायात घातली. मग काउंटरपाशी येऊन मोजा काढू लागले, एकेक बोट चिमटीत धरून, सावकाश, जसा तो काढायचा असतो.

“साहेबांचा फोन तुला आला, का याला?” त्यांनी विचारलं.

“मला,” ताई म्हणाली.

“कधी?”

“परवा. तुम्ही आंघोळीला गेला होतात.”

“तरीच. परवा भाजीत दोनदा मीठ होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, आजाऱ्याला चव लागत नाही म्हणून मुद्दाम घातलंस.”

ताईने पदर तोंडाला लावला. बाई आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या आणि हे घासाघीस करायचं नवं तंत्र असावं अशा समजुतीने गप्प होत्या.

“काही महिन्यांपुरतं का?” भावोजींनी आता मला विचारलं.

हाच तो क्षण, ज्याच्यासाठी मला कॉलेजातून बोलावलं होतं. “नाही,” मी म्हणालो. माझं सगळं शास्त्र तेवढ्यात संपलं.

त्यांनी मान हलवली. मोज्यांची घडी घातली, ती नीट जमली नाही म्हणून मोडली, परत घातली. “टेबल कुठलं?”

“तक्रारीचं.”

“फोनवरचं?”

“हो.”

“तिथे लागतं घड्याळ,” ते म्हणाले. “लोक सारखं विचारतात, कधी येणार, कधी येणार. बाई, ते स्टीलचं दाखवा.”

“नको हो,” ताई म्हणाली. “चुकून बोलले मी. काळंच घ्या. तुम्हाला दिसलं ना त्याच्यात स्वच्छ? काळंच घ्या.”

“कशाला? खुर्चीत बसून खांबाला मिठी मारू?”

“टेबलावर प्लॅस्टिकचं चालतं की. कोण बघायला येतंय?”

“पोरं बघतील,” भावोजी म्हणाले. “टेबलावर बसून काळं घड्याळ घातलं तर म्हणतील, खार अजून वाट बघतोय. मग माझ्यासमोर खांबाच्या गोष्टी बोलणार नाहीत. गप्प होतील. ते मला नाही चालायचं.”

ताईने त्यांच्या मनगटावरचं काळं घड्याळ स्वतःच सोडलं आणि बाईंकडे सरकवलं.

स्टीलचा पट्टा त्यांच्या मनगटावरून थेट कोपराकडे घसरला. बाईंनी बारीक पक्कड घेतली आणि एक कडी काढली. तरी सैल. आणखी काढली. प्रत्येक वेळी त्या म्हणत, “आता बसेल,” आणि प्रत्येक वेळी भावोजी हात खाली सोडून दाखवत. इस्पितळाने त्यांच्यातून किती माणूस नेला ते त्या मखमलीवर बारक्या तुकड्यांत जमत गेलं. शेवटी घड्याळ बसलं.

“या कड्या जपून ठेवा हं,” बाई म्हणाल्या. “हात भरला की घेऊन या, परत लावून देते.”

“भरायचं काय,” भावोजी म्हणाले. “आता बसूनच खायचंय.”

बाई मनापासून हसल्या. ताईने कड्या रुमालात बांधल्या.

बाहेर अजून ऊन होतं. मी पिशवी घेऊ का म्हणून विचारलं, तर त्यांनी मोज्यांची पिशवी माझ्याकडे देऊन टाकली. एरवी ते कुणाला हात लावू देत नसत. आम्ही आलो त्याच रस्त्याने चालू लागलो. डोक्यावर तारा होत्या, असायच्याच. भावोजींनी मान वर केली नाही, पण त्यांचा डावा हात काही नेहमीसारखा हलेना. तो त्यांनी अंगापासून वीतभर दूर धरला होता, ताठ, बोटं मिटून, ओला रंग लागलेला असावा तसा. खिशात घालत नव्हते, शर्टाला लागू देत नव्हते. इतक्या वर्षांत त्या हाताला जे शिकवलं होतं ते त्याने एकट्याने पाळायचं ठरवलेलं दिसत होतं.

समोरून येणारी माणसं त्या हाताला वळसा घालून जात होती.

“अहो, हात खाली घ्या,” ताई म्हणाली.

“कुठला?” भावोजींनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

ताई माझ्या बाजूने निघून त्यांच्या डाव्या बाजूला गेली. रस्त्यावर त्या दोघांना मी कधी एकमेकांचा हात धरताना पाहिलं नव्हतं, आणि तिने तो धरलाही नाही. तिने फक्त आपला खांदा त्या ताठ हाताला लावला आणि तशीच चालत राहिली, गर्दीला त्या बाजूने वाट न देता.